पिनकुशनची रोपं मान टाकतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात राहते, गच्चीवर ऊन भरपूर. मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत म्हणून यंदा पहिल्यांदाच पिनकुशन म्हणजे स्कॅबिओसा हे फुलझाड लावलंय, ऑक्टोबरात बी पेरलं. बी भारी गंमतशीर असतं हो, बॅडमिंटनचं इवलंसं शटलकॉकच! बारा-पंधरा दिवसांत छान उगवलं, पण चार पानं आल्यावर रोजची दोन-तीन रोपं सकाळी बघावं तर आडवी, देठ मातीलगत काळपट आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं. वीसातली नऊ उरलीत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं, बाकी शेणखत आणि माती असं मिक्स केलं होतं आणि पाणी रोज संध्याकाळी, आता वाटतंय तिथेच माती खाल्ली.

उरलेली मोठ्या कुंडीत हलवताना वाळू किती घालू? याला थोडी चुनखडीची माती आवडते म्हणतात, तर अंड्याची टरफलं कुटून घातली तर चालेल का उगाच उद्योग?

दुसरं म्हणजे शेजारच्या जास्वंदीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आहे, तो इकडे येणारच. औषध मारायचं नाहीये, सातेरी माश्या (आपल्या देशी मधमाश्या) सकाळी तुळशीच्या मंजिऱ्यांवर येतात, त्यांना मारून बाग कसली करायची! नीम ऑइल अंधार पडल्यावर मारलं तर चालतं का, की नुसता पाण्याचा फवारा पुरे? आणि सुकलेली फुलं खुडत राहिलं तर मार्चपर्यंत बहर टिकतो का, कोणी पुण्या-नाशकाकडे लावलं असेल तर प्लीज सांगा, फोटो कमेंटमध्ये टाकते.