ए-६६ च्या कडेला दिसला तो गवताचा बांध म्हणजेच रोमन छावणी का?

सह्यवाट_लीड्स: मंडळी, रविवारी उत्तर इंग्लंडमधल्या ए-६६ रस्त्याने पेनरिथहून स्कॉच कॉर्नरकडे येताना स्टेनमोर खिंडीच्या माथ्यावर रे क्रॉसपाशी गाडी थांबवली. तिथे रोमन सैन्याची छावणी आहे असं वाचलं होतं, पण दिसला नुसता गवताचा लांबलचक बांध आणि मधून ए-६६ आरपार गेलेला. मुलगी विचारत होती बाबा किल्ला कुठंय, काय सांगावं कळेना. बघायचं तरी नेमकं काय?

मोडीवाचक: तो बांधच बघायचा. किल्ला नव्हताच तो, मुक्काम होता. सैन्य मजल मारून थांबलं की भोवती चर खणायचा, निघालेल्या मातीचा आतल्या अंगाला बांध घालायचा, आत चामड्याचे तंबू, एका तंबूत आठ जण, आणि मग पुढची मजल, म्हणून आत इमारती शोधू नका. तळ साधारण ८ हेक्टरचा, म्हणजे २० एकर. बरेच अभ्यासक तो ब्रिटनचा सुभेदार पेटिलियस केरिआलिस (इ.स. ७१ ते ७४) याच्या तिथल्या ब्रिगँटीस टोळीवरच्या मोहिमेतला मानतात. मला सगळ्यात भारी वाटतात ती दारं. बांधात नुसती मोकळी जागा, आणि तिच्यासमोर जरा पुढे मातीचा आखूड उंचवटा, त्याला टिटुलम म्हणतात, धावत येणारा शत्रू सरळ आत घुसू नये म्हणून. रे क्रॉसला ते अजून ओळखू येतात.

काळीमाती: आमच्या शेताचा बांध दर पावसाळ्यानंतर नीट करावा लागतो, आणि हा १९०० वर्षं उभा आहे, कारण त्या माळावर नांगर फिरला नाही. सपाट रानातल्या कितीतरी छावण्या नांगरटीत गेल्या, आता बुजलेल्या चरावरचं पीक जास्त हिरवं दिसतं त्यावरून विमानातून तेवढ्या कळतात. रे क्रॉसला चुनखडक लगेच लागतो त्यामुळे चर सगळीकडे सलग नाही. परत गेलात तर ऊन तिरपं असताना जा, भर दुपारी काही कळत नाही. आणि मेटल डिटेक्टर अजिबात नको, संरक्षित जागा आहे. वेल्सकडे गेलात तर अ पिगून पण बघा, एका छावणीच्या आत दुसरी आहे.

सह्यवाट_लीड्स: खूप आभार दोघांचे. आत्ता फोटो झूम करून मुलीला दाखवले, ती ज्या उंचवट्याशेजारी उभी आहे तो बरोबर मोकळ्या जागेसमोर आहे. टिटुलमच दिसतोय.