मदत हवी आहे: मुलाला कॉलेज बास्केटबॉलमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही ओहायोत राहतो. मुलगा इथलाच जन्मलेला, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. चार वर्षं तो कॉलेजच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर आहे. टॉवेल धुण्यापासून खेळाडूंना बॉल परत फेकण्यापर्यंत सगळं करतो. थँक्सगिव्हिंगला घरी आला होता, तेव्हा रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात लॅपटॉपवर पुढच्या मॅचमधल्या टीमच्या व्हिडिओतून पिक-अँड-रोल (दोन खेळाडूंनी मिळून करायची चाल) एकेक कापून लावत बसलेला. चहा गार होऊन साय धरलेली.

मे महिन्यात डिग्री हातात येईल. समोर दोन वाटा आहेत. एक, डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचिंग स्टाफला मदत: मास्टर्सची फी माफ, वर थोडा स्टायपेंड. दुसरी, डिव्हिजन थ्रीच्या (तिसरी पातळी) छोट्या कॉलेजात असिस्टंट कोच: पगार जेमतेम, पण पहिल्या दिवसापासून कोर्टवर शिकवायचं आणि रिक्रूटिंगही, म्हणजे टीमसाठी नवे खेळाडू शोधणं.

गोंझागा युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचे कोच मार्क फ्यू ग्रॅज्युएट असिस्टंटपासूनच वर आले आणि 1999 मध्ये हेड कोच झाले, हे तो मला सारखं सांगतो. 2023 पासून डिव्हिजन वनमध्ये दोन जास्तीचे कोच ठेवता येतात, म्हणून संधी वाढल्यात असंही म्हणतो. पण हेड कोच गेला की अख्खा स्टाफ बदलतो, त्याचीच मला धास्ती वाटते.

कुणाच्या घरात या क्षेत्रातलं कुणी आहे का? पहिली वाट धरली तर पुढे पूर्णवेळ नोकरी मिळायला किती वर्षं गेली? फायनल फोरच्या (कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीमच्या मॅचेस) वेळी कोचेसचं अधिवेशन भरतं, तिथे स्वखर्चाने जाऊन खरंच ओळखी होतात का?