शक्तिमानच्या चाकांना रंग कोणता: अंगाचा, काळा की पांढरी कड?

राऊचा ट्रकवाला

फौजेच्या लिलावातून सुटलेला एक जुना शक्तिमान ट्रक भंगारवाल्याकडून घेतला. इंदूरजवळच्या राऊच्या पुढे मामांच्या शेतावर पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. इंजिन सुरू झालं, केबिनचं पत्राकाम आटोपलं, आता चाकांच्या रंगावरून काम अडलं आहे. मित्रमंडळी म्हणतात, रिम काळ्या कर, कडेला पांढरी पट्टी ओढ, नट लाल कर, गाडी उठून दिसेल. माझं मत याच्या उलट आहे.

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे तिथल्याच व्हेइकल फॅक्टरीत या गाड्या बनल्या. त्या उठून दिसण्यासाठी नव्हत्या. आघाडीवरच्या गाडीने झाडोऱ्यात मिसळून जायचं असतं, आणि झाडोऱ्यात गोल आकार डोळ्याला लगेच सापडतो. म्हणून चाक अंगाच्याच रंगात हवं.

नुसता तर्क करत नाही. मागच्या डाव्या रिमवर दहाच्या नाण्याएवढी जागा आधी १२० आणि मग ४०० नंबरच्या पाणीपेपरने हळूहळू घासली. कांद्याच्या चकतीसारखे थर उघडे पडले. सर्वांत वर चकचकीत काळा, ब्रशचे केस त्यात तसेच अडकलेले. त्याखाली हिरवा, मग कडेकडेने पांढऱ्याची बारीक रेघ, पुन्हा हिरवा पण जास्त गडद, मग रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि पत्रा. काळा रंग गंजावरूनच फासलेला आहे, म्हणजे तो लिलावानंतरचा. फौजेचा रंग हिरवाच. मी चारी बाजूंनी ऑलिव्ह ग्रीन देणार आहे. तुम्हाला काय वाटतं?

महूचा जुना ड्रायव्हर

भाऊ, तुम्ही मेहनतीने थर मोजलेत, पण मधला पांढरा थर एका वाक्यात ओलांडून गेलात. तो कुठून आला? तो आमच्या हातचा आहे.

मी सतरा वर्षं गाड्या चालवल्या, त्यातली बरीचशी शक्तिमानवर. मेंटेनन्सच्या दिवशी गाडी धुवायची, ग्रीस भरायचं, टायर काळे करायचे. इन्स्पेक्शन असलं की रिमच्या कडेला आणि नटांना पांढरा हात मारायचा. एका हाताने ब्रश धरायचा आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याचा तुकडा टायरला लावायचा, म्हणजे रबरावर डाग पडत नाही. नव्या पोराला पहिलं काम हेच मिळायचं. आघाडीवर जायची वेळ आली की त्याच पांढऱ्यावर हिरवा फिरायचा. तुमच्या रिमवर आहे तोच क्रम.

मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियलचा गोळा तर पांढरा असायचाच. त्यावर छोट्या दिव्याचा उजेड पडायचा. रात्री हेडलाइट बंद करून कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, चालला की मागचा ड्रायव्हर तेवढ्या एका पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून चालायचा. त्या ठिपक्याने आमचे जीव वाचवले आहेत. फौजी गाडीवर पांढरा शोभत नाही, असं म्हणू नका. तुम्ही ही गाडी आता लोकांना दाखवायला उभी करणार. मग ती परेडच्या दिवशी जशी असायची तशीच दाखवा. तो आमचा मान आहे.

राऊचा ट्रकवाला

काका, पांढऱ्या थराचं उत्तर मिळालं, मनापासून आभार. डिफरन्शियल पांढराच ठेवणार, त्यावर वाद नाही. पण इन्स्पेक्शन वर्षातून किती दिवस? बाकीचे दिवस गाडी रेशन आणि जवान घेऊन फिरायची. मला ती कामाच्या दिवसातली दाखवायची आहे. आणि कोवळ्या पोरांनी शेडमध्ये येऊन पांढऱ्या कडांची गाडी पाहिली की त्यांच्या डोक्यात तीच राहणार. लग्नाच्या वरातीतल्या जीपही तशाच सजवतात. मला तो गोंधळ नको.

सियागंजचा रंगारी

मी काळ्याच्या बाजूने. पस्तीस वर्षं ट्रकांचं डेंटिंग-पेंटिंग करतोय. माळव्याची काळी माती, चिखल, ग्रीस, ब्रेकची धूळ, सगळं चाकावरच येतं. मॅट हिरवा पुसला की चट्टे पडतात, काळ्याला एक हात मारला की झालं. शेतातल्या शेडमध्ये ठेवणार असाल तर दर पावसाळ्यानंतर हे काम निघणार, हे आत्ताच समजून घ्या.

रंग कोणताही द्या, पण एक ऐका. नट जिथे बसतो तो उतार आणि रिम हबला टेकते ती जागा टेपने झाका. तिथे प्रायमर, लांबी (पुट्टी), रंग असे जाड थर चढले की नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण गाडी चालल्यावर रंग चिरडतो आणि नट ढिला पडतो. रिम लावून पन्नासेक किलोमीटर चालवली की पाना पुन्हा लावायचाच. आणि टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगच्या खाचेतला गंज काढल्याशिवाय हवा भरू नका. अर्धवट बसलेली रिंग उडाली की माणूस वाचत नाही. चाक पिंजऱ्यात ठेवून किंवा साखळीने बांधूनच हवा भरा.

परदेशीपुरा

लाल नटांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ज्या गाड्यांना दोन फाळ्या बोल्टने जोडलेली रिम असते, तिथे फाळ्या जोडणारे नट लाल रंगवण्याची पद्धत ब्रिटिश फौजेत होती. हवा असताना हे खोलू नका, एवढाच त्याचा अर्थ. शक्तिमानच्या चाकाचे नट शोभेसाठी लाल केलेत तर उद्या कुणी जाणकार ती खूण चुकीची वाचेल. लाल अजिबात नको.

दुसरं, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम १२१ वाचा. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. अंगाचा रंग चाकाला म्हणताय, पण रस्त्यावर आणणार असाल तर अंगालाच तो रंग चालणार नाही. माझं मत, सगळी गाडी दुसऱ्या रंगात करा, चाकं काळी ठेवा आणि नियमात राहून लोकांमध्ये फिरवा. शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी कोण बघणार?

राऊचा ट्रकवाला

नियम ठाऊक आहे. गाडी रस्त्यावर धावणार नाही, पासिंग करायचं नाही. शेताच्या आतच चालेल, बाहेर न्यायची झाली तर लो-बेड ट्रेलरवर लादून. दुसऱ्या रंगातला शक्तिमान मला बघवणार नाही, त्यापेक्षा शेड बरी.

बडोदेकर

२०२३च्या जानेवारीत आमच्याकडे लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता. तिथे तासन्‌तास फिरलो. आरशासारख्या चमकणाऱ्या गाड्यांपेक्षा मूळ रंग जपलेल्या गाड्यांपुढे माझे पाय जास्त थांबले. जुन्या गाड्यांची जागतिक संस्था फिवा हिची ट्यूरिन सनद सांगते की, गाडी वापरात असताना तिच्यात झालेले बदल हाही तिचा इतिहासच आहे, आणि ती कारखान्यातून निघाली तशीच करायला हवी असं काही नाही. या हिशोबाने काकांचा पांढरा तेवढाच खरा आहे जेवढा तुमचा हिरवा. तुम्ही सँडब्लास्टिंग करून सगळं पत्र्यापर्यंत नेलंत तर दोन्ही गेले. निदान एका चाकाला हात लावू नका.

आणि रंग जुळवताना उन्हातला थर धरू नका, तो पांढुरका पडलेला असतो. रिमच्या आतल्या, ड्रमकडच्या बाजूला ऊन लागत नाही. तिथला रंग थिनरच्या बोळ्याने पुसून मगच रंगांच्या नमुना-पट्टीशी लावून बघा. भारतीय मानकाच्या पट्टीत २२० म्हणजे ऑलिव्ह ग्रीन आणि २२४ म्हणजे डीप ब्राँझ ग्रीन. तुमचा खालचा गडद थर कदाचित दुसऱ्याच्या जवळचा निघेल.

महूचा जुना ड्रायव्हर

बडोद्याचे भाऊ बरोबर बोलले. बाकीची चाकं घासून बघा. एकाच चाकावर पांढरा असेल तर मी माझा शब्द मागे घेतो.

राऊचा ट्रकवाला

आज दिवसभर तेच केलं. पुढच्या दोन्ही रिमवर पांढरा सापडला, उजव्या रिमवर तर दोनदा, मध्ये हिरवा. नटांच्या कडांतही आहे. स्टेपनीवर मात्र पांढऱ्याचा मागमूस नाही, नुसता हिरवा आणि त्याखाली गडद हिरवा. काका, शब्द मागे घेऊ नका, तुमचंच खरं निघालं. ‘फौजेचा रंग हिरवाच’ हे मी घाईने लिहिलं होतं.

तरीही गाडीवरच्या चाकांना हिरवाच देणार, तोही मंद चमकेचा, लांबी अजिबात न भरता, ठोक्यांच्या खुणा ठेवून. उजव्या पुढच्या रिमचा वीतभर पट्टा सगळ्या थरांसकट उघडा ठेवतो, त्यावर क्लिअर लॅकर मारतो. काळा फक्त टायरला.

ड्रमकडच्या बाजूची एक खपली आणि २२०चा नमुना सियागंजहून आणून शेडच्या दारात ठेवला होता. दुपारी बाराला दोन्ही एकच दिसत होते, साडेचारच्या उन्हात नमुना पिवळट दिसला. उद्या २२४ आणतो.

महूचा जुना ड्रायव्हर

पट्टा उघडा ठेवताय, चांगलं आहे. पण २६ जानेवारीला मी शेडवर येणार आणि पुठ्ठा, ब्रश आणि पाव लिटर पांढरा बरोबर आणणार. तुम्ही नाही म्हणालात तर चहा पिऊन परत जाईन.

राऊचा ट्रकवाला

या काका. फक्त डाव्या बाजूला मारा.