अनुभव धागा: बुशवॉकिंग क्लब आणि वाटेवर भेटलेली माणसे

पायवाट (सिडनी)

मंडळी, नमस्कार.

आमच्या बुशवॉकिंग (रानावनातली पायी भटकंती) क्लबातले सर्वांत ज्येष्ठ लीडर गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आता चालायला येत नाहीत. गेल्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावून आपल्याजवळचे सगळे नकाशे माझ्या हवाली केले. १:२५,००० प्रमाणाचे ते कागदी नकाशे घड्यांवर झिजले आहेत, फाटले तिथे मागून चिकटपट्टी लावलेली आहे, आणि समोच्चरेषांच्या गर्दीत शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत नोंदी केलेल्या आहेत: ‘या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी नसते’, ‘ही सोंड खाली कड्यावर संपते’, ‘जेवायला सावलीचा कातळ’. वेंटवर्थ फॉल्सच्या परिसरात एका फुलीशेजारी माझ्या नावाचे आद्याक्षर आणि २००९ हे साल दिसले, आणि माझे बोट तिथेच थांबले.

त्या वर्षी आम्हाला सिडनीत येऊन जेमतेम चार महिने झाले होते. यजमान नोकरीत, मुलगी शाळेत आणि मी दिवसभर घरात एकटी, अशी स्थिती होती. वाचनालयातल्या फलकावर क्लबच्या कार्यक्रमाचा कागद पाहून मी फोन केला, तेव्हा पाहुणी म्हणून काही वेळा चालून पाहा आणि मग सभासद व्हायचे की नाही ते ठरवा, असे मला सांगण्यात आले. लग्नाआधी राजगड-तोरणा केलेला असल्यामुळे मला स्वतःच्या पायांचा भरवसा होता. परंतु सह्याद्रीत सकाळच्या ताज्या पायांनी चढायचे आणि परतताना उतरायचे असते, तर सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये गाडी पठारावर लावून आधी दरीत उतरायचे आणि दिवसभर चालून थकल्यावर चढायचे असते, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. कड्याच्या पोटातून कोरून काढलेली नॅशनल पासची वाट मी मोठ्या आनंदाने चालले, आणि व्हॅली ऑफ द वॉटर्समधून वर येणाऱ्या पायऱ्यांवर माझा दम पार संपला.

पुढे गेलेली सगळी माणसे वळणावर थांबलेली होती. लीडर खाली उतरून माझ्या शेजारी पायरीवर बसले, थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी माझ्या हातात दिला, आणि बरे वाटते का, अजून किती वेळ लागेल, असे काहीही न विचारता झाडीतून येणारा लायरबर्डचा आवाज ऐकायला सांगितला. तो पक्षी एकामागून एक इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करीत होता आणि चहा संपेपर्यंत लीडर मला प्रत्येक नकलेतला मूळ पक्षी ओळखून दाखवीत होते. मी उठल्यावर ते माझ्या मागून चालू लागले, कारण सर्वांत शेवटी लीडर किंवा त्याने नेमलेला माणूसच असला पाहिजे, अशी आमच्या क्लबची पद्धत आहे. त्यांनी ती जागा नकाशावर नोंदवून ठेवली होती, हे मला इतक्या वर्षांनी कळले.

तुमच्यापैकी जे अशा क्लबांबरोबर चालतात किंवा पूर्वी चालत असत, त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत.

माजघर (मेलबर्न)

तुमचे लेखन वाचून मी भाजी चिरायची थांबवली. मी आमच्या भागातल्या क्लबच्या बुधवारच्या गटाबरोबर चालते आणि तिथे बहुतेक सगळे निवृत्त लोक आहेत. माझ्या आईहून मोठ्या असलेल्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे मला सुरुवातीला जमतच नसे, म्हणून मी कित्येक आठवडे त्यांना कोणत्याच नावाने न संबोधता बोलत राहिले. एकदा वाट घसरडी होती आणि त्यांचा पाय सटकताना पाहून माझ्या तोंडून ‘अहो आजी’ असे निघून गेले. त्याचा अर्थ विचारून घेतल्यावर, आता हेच नाव ठेव, असे त्यांनी मला सांगितले, आणि आज सगळा गट त्यांना आजी म्हणतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मेलबर्नमध्ये बायकांचा स्वतंत्र चालण्याचा क्लब १९२२ साली स्थापन झाला आणि तो आजही चालू आहे. त्या काळी बायकांनी पाठीवर सामान बांधून रानात मुक्काम करायला जाणे, ही केवढी हिमतीची गोष्ट असेल, याचा विचार मी चालताना पुष्कळदा करते.

तांबडी माती (ब्रिस्बेन)

आमच्याकडे लॅमिंग्टनच्या पावसाळी जंगलात जाण्याआधी जळवांची तयारी करावी लागते. पहिल्या वेळी मला वाटले होते, की कोकणात वाढलेल्या माणसाला जळवांचे काय नवल; पण दुपारी मोजा काढला तेव्हा त्यात सात जळवा निघाल्या. माझ्याशेजारी बसलेल्या गृहस्थांनी एक शब्दही न बोलता आपले जास्तीचे गेटर्स (बुटांवरून पोटरीपर्यंत बांधायची आवरणे) मला दिले, आणि ते परत करायला गेलो तर, पुढच्या नव्या माणसाला दे, असे ते म्हणाले. ते गेटर्स त्यानंतर तीन जणांच्या पायांत गेले आहेत.

निवळशंख (कॅनबेरा)

तांबडी माती, जळवेवर मीठ टाकता की नाही?

तांबडी माती (ब्रिस्बेन)

मी आता टाकत नाही. नखाने तिचे तोंड बाजूला सारून ती काढता येते, आणि मिठाने जखम चुरचुरते ती वेगळीच. रक्त मात्र बराच वेळ थांबत नाही, म्हणून स्वच्छ फडके जवळ ठेवतो.

निवळशंख (कॅनबेरा)

आमचा क्लब नमॅड्जी (Namadgi) राष्ट्रीय उद्यानात नेहमी चालतो. २०२० सालच्या आरंभी ओरोरल दरीतून पसरलेल्या वणव्यात त्या उद्यानाचा सुमारे ८० टक्के भाग जळाला, आणि आमच्या त्रैमासिक कार्यक्रमातल्या निम्म्याहून अधिक वाटा एका फटक्यात बंद झाल्या. त्या काळात क्लब म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने कळले. चालायला जागा नसतानाही दर महिन्याच्या सभेला सभागृह भरत असे. लोक जुन्या पारदर्शिका आणि छायाचित्रे घेऊन येत, पडद्यावर एखादी दरी दिसली की कोणीतरी तिचे नाव मोठ्याने घेई, आणि मग बराच वेळ कोणी बोलत नसे. चहाच्या टेबलाशी एक बाई मला म्हणाल्या, की त्या राखेत पाय ठेवण्याची त्यांना भीती वाटते.

वाटा पुन्हा उघडल्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा काळ्या पडलेल्या खोडांवर खालपासून वरपर्यंत कोवळी तांबूस पालवी थेट सालीतून फुटलेली होती. युकॅलिप्टसच्या सालीखाली सुप्त कळ्या असतात आणि आगीने शेंडा जळला की त्या जागतात, हे मी पुस्तकात वाचलेले होते. त्या बाईंनी आपला तळवा त्या पालवीवर ठेवला आणि त्या तिथे उभ्या राहिल्या. आम्ही सगळे थांबलो.

कातळ (पुणे)

मी कधी ऑस्ट्रेलियात गेलेलो नाही, पण धागा वाचून राहवले नाही. आमच्या ट्रेकच्या गटात शेवटी चालणाऱ्याकडे औषधांची पेटी, दोर आणि विजेरी असे, आणि पुढचा प्रत्येक माणूस आपल्या मागचा दिसतो ना, हे वळणावर पाहत असे. पायवाटताई, तुमच्याकडे मुक्कामाला असेच चुलाण मांडून पिठलं-भात शिजवता येतो का?

पायवाट (सिडनी)

कातळदादा, उघड्यावर चूल पेटवणे आमच्याकडे बहुतेक ठिकाणी निषिद्ध आहे, आणि ज्या दिवशी संपूर्ण अग्निबंदी जाहीर होते, त्या दिवशी राष्ट्रीय उद्यानात छोटा गॅसही पेटवत नाहीत. त्यामुळे मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा नेते. रॉयल राष्ट्रीय उद्यानातली बंदीना ते ऑटफोर्ड ही समुद्रकाठची २६ किलोमीटरची वाट आम्ही दोन दिवसांत केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांचे पाव वाळून गेले होते आणि माझ्या दशम्या मऊ होत्या. त्यानंतर क्लबच्या बातमीपत्रात मला दशम्यांची कृती लिहून द्यावी लागली.

सांजवेळ (सिडनी)

सगळे अनुभव गोड आहेत, म्हणून माझा थोडा कडू अनुभवही लिहिते. मी ज्या क्लबात प्रथम गेले, तिथे कार्यक्रमात ‘मध्यम’ असे लिहिलेले होते, परंतु लीडर पहिल्या अर्ध्या तासातच दिसेनासे झाले. फाट्यावर कोणी थांबलेले नव्हते. मी आणि आणखी एक नवीन मुलगी चुकीच्या वाटेने जवळजवळ तासभर चाललो, मोबाइलला रेंज नव्हती, आणि शेवटी एका अनोळखी कुटुंबाने आम्हाला वाहनतळापर्यंत सोडले. क्लबातर्फे नंतर कोणी चौकशी केली नाही, आणि त्याचे दुःख वाट चुकण्यापेक्षा अधिक झाले. मी दोन वर्षे पुन्हा गेले नाही.

पायवाट (सिडनी)

सांजवेळताई, हे वाचून फार वाईट वाटले. फाट्यावर थांबणे हा सौजन्याचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे, आणि जो लीडर ते करत नाही त्याने लीडर होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या माणसाने निघण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: चढ एकूण किती आहे, गट तासाला साधारण किती चालतो आणि शेवटी कोण असणार आहे. ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक क्लबात वेगळा असतो. तुम्ही आमच्याबरोबर एकदा या. मी स्वतः शेवटी चालेन.

औदुंबर (सिडनी)

मला ब्लू माउंटन्समधल्या ब्लू गम जंगलाबद्दल लिहायचे आहे. पेरीज लुकडाऊनवरून सहाशे मीटरहून अधिक खाली उतरले की ग्रोस नदीकाठी उंच, सरळ, निळसर पांढऱ्या खोडांची ती झाडी लागते. १९३१ सालच्या ईस्टरला तिथे मुक्काम केलेल्या बुशवॉकर मंडळींना समजले, की जमिनीचा पट्टा ज्याच्याकडे आहे तो झाडे तोडून अक्रोड लावणार आहे. त्यांनी त्याच्याशी बोलणी केली आणि मंदीच्या त्या दिवसांत १३० पौंड जमवून पट्टा सोडवून घेतला. पुढच्या वर्षी ती जागा राखीव झाली. हे सगळे मला क्लबातल्या एका काकांनी त्याच झाडांखाली बसून सांगितले. त्या दिवशी मी माझ्या मुलाला बरोबर नेले होते आणि तो वर चढताना, तेव्हा एका झाडाचे किती पैसे पडले असतील, याचा हिशेब करीत होता. चढ संपेपर्यंत त्याने एकदाही कुरकुर केली नाही.

माजघर (मेलबर्न)

आमच्या क्लबात दर वर्षी सर्पदंशाच्या प्रथमोपचाराची संध्याकाळ असते. दोघादोघांच्या जोड्या करून एकाने पाय पसरून बसायचे आणि दुसऱ्याने रुंद ताणपट्टी दंशाच्या जागेपासून सुरू करून संपूर्ण पायाला गुंडाळायची, काठीचा आधार बांधायचा, आणि रुग्णाला अजिबात हलू न देता ००० या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे, हा क्रम हाताला बसेपर्यंत करून घेतात. दंशाची जागा धुवायची नाही, हेही बजावून सांगतात. आमच्या आजी या सरावात नेहमी रुग्ण होतात, आणि पट्टी सैल झाली तर ती सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला लावतात.

कातळ (पुणे)

महत्त्वाचे म्हणून एक सांगतो. ही घट्ट पट्टीची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठी आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसे यांच्या विषाने दंशाच्या जागचे मांसच खराब होते, म्हणून महाराष्ट्रात अशी पट्टी आवळू नये किंवा दोरी बांधू नये. मोडलेल्या हाडाला देतात तसा आधार देऊन, अवयव स्थिर ठेवून, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे.

माजघर (मेलबर्न)

हे बरे झाले तुम्ही लिहिलेत. माझा भाऊ साताऱ्याला असतो आणि मी त्याला ही पट्टी पाठवणार होते.

तांबडी माती (ब्रिस्बेन)

आमचा क्लब महिन्यातून एका शनिवारी चालण्याऐवजी ओढ्याकाठचे तण काढायला जातो. पहिल्याच दिवशी मला ज्या झुडपापुढे उभे केले, ती आपली घाणेरी निघाली. रत्नागिरीला आमच्या परड्याच्या गडग्यावर वाढणारी, जिच्या फुलांतला मध आम्ही चोखत असू, तीच. दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या या झुडपाने भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांतले रान व्यापले आहे. पान चुरगळल्यावर तो उग्र वास आला आणि मी कुदळ हातात धरून घटकाभर उभाच राहिलो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, की मुळापासून काढ, नाहीतर पुन्हा फुटते.

सांजवेळ (सिडनी)

पायवाटताई, तुमच्या निमंत्रणाबद्दल मनापासून आभार. मी येईन. नॅशनल पासला जायचे का?

पायवाट (सिडनी)

अवश्य या. त्या भागातल्या वाटा दरडींमुळे अधूनमधून बंद असतात, त्यामुळे आदल्या दिवशी उद्यानाच्या सूचना पाहून मगच वाट ठरवू. आपत्कालीन संदेश पाठवणारे छोटे यंत्र ब्लू माउंटन्समध्ये पोलिसांकडून आणि उद्यानाच्या कार्यालयातून विनामूल्य उसने मिळते; दऱ्यांत मोबाइल चालत नाही, म्हणून ते मी घेऊन येईन. तुम्ही तीन लिटर पाणी, पावसाचे जाकीट आणि पायांत मुरलेले बूट एवढे आणा. नकाशा माझ्याजवळ आहे, आणि शिसपेन्सिलही.