बॉलपेनातल्या बारीकसारीक उणिवा : तुमचे अनुभव लिहा

पेन टाकून द्यावं लागतं ते बऱ्याचदा शाई संपली म्हणून नव्हे, एखादा चिमुकला भाग दगा देतो म्हणून. कंपनीचं नाव नको; कोणता भाग आणि नेमकं काय होतं, तेवढं सांगा.

सुरुवात मीच करते. माझ्या खटक्याच्या पेनात रिफिलचं टोक आणि तोंडाचं भोक यांत जरा जास्तच मोकळी जागा आहे. अक्षर सुरू करताना टोक आधी बाजूला सरकतं, टक् आवाज होतो, मग रेघ उमटते. 'र'ची गाठ नीट येतच नाही. टोकामागे सेलोटेपची पट्टी गुंडाळली की हलणं थांबतं, पण किंचित जाड झाली तर खटका अडकतो. छर्रा 0.7 मिमीचा इतका काटेकोर बनवतात, मग भोकाकडे दुर्लक्ष का?

*

माझी तक्रार आट्यांची. पुढचा कोन धातूचा, नळी प्लास्टिकची. रिफिल बदलता बदलता प्लास्टिकचे आटे झिजतात आणि लिहिताना कोन सैल होत जातो. बाकी पेन ठणठणीत!

*

रिफिलची लांबी! पार्कर पद्धतीची रिफिल साधारण 98 मिमी असते. माझ्याकडची एक किंचित आखूड निघाली. खटका दाबूनही टोक पुरतं बाहेर येईना. मागे कागदाची गोळी कोंबून काम भागवलं.

*

क्लिप नेहमी बुडाशीच तुटते. आतला कोपरा काटकोनी असला की सगळा ताण तिथेच एकवटतो. जरा गोलाई दिली तर कितीतरी टिकेल.

*

रबरी पकड काही वर्षांनी चिकट होते. पुसूनही जात नाही. फार चीड येते.

*

टोपणाला भोक ठेवून शाई वाळवतात, असं माझी बहीण म्हणायची. ती उणीव नाही, ताई! टोपण चुकून घशात गेलं तरी हवा जायला वाट राहावी म्हणून ते असतं. आणि बॉलपेनाची तेलकट शाई तशी सहज वाळत नाही.

*

जेल रिफिलमध्ये शाईच्या मागे ग्रीससारखा पारदर्शक थर असतो. तो शाईबरोबर पुढे सरकतो, मागून गळू देत नाही. माझ्या रिफिलमध्ये तो मध्येच तुटला आणि शाई मागच्या तोंडातून खटक्यात उतरली. पेन उघडून स्प्रिंग धुतली, खटका मात्र अजून अडखळतोच. कुणाला उपाय माहीत आहे का?