पाइपलाइन विकली, पण सांडलेलं तेल कोणाचं?

खाडीकाठ
मार्च २०२५ मध्ये शेल या परदेशी तेल कंपनीने नायजेरियातला जमिनीवरचा तेलाचा धंदा रेनेसान्स या गटाला विकला. गटात बहुतेक कंपन्या तिथल्याच. १९५६ साली ओलोइबिरीला पहिली विहीर लागली, तेव्हापासूनचा हा कारभार. खोल समुद्रातल्या विहिरी मात्र शेलने विकल्या नाहीत. जिथे गावं आहेत आणि दावे लागतात, तिथून पाय काढला.

विक्रीआधी जे तेल सांडलं त्याची सफाई शेलने स्वतःच्या पैशाने पुरी करायला हवी होती आणि ती होईपर्यंत या व्यवहाराला मंजुरी मिळायलाच नको होती, असं माझं ठाम मत आहे. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिथल्या ओगोनीलँड या तेलाच्या पट्ट्याची तपासणी केली. निसिसिओकेन ओगाले इथल्या पिण्याच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. बेंझीनने कॅन्सर होतो. लोक तेच पाणी पीत होते. सगळा भाग पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं त्या अहवालात म्हटलंय. तेवढी वर्षं आता कोण थांबणार तिथे?

वाळवंटी
मी नायजेरियात, पोर्ट हारकोर्ट शहरात एका ठेकेदाराकडे साडेतीन वर्षं काढली आहेत (शेलच्या कामावर नव्हतो), म्हणून बोलतो. तिथली तेलचोरी पाहिल्याशिवाय कळत नाही. रात्री पाइपला भोक पाडून चोरटा व्हॉल्व्ह बसवतात, होड्या भरतात आणि आत खाडीत पिंपांखाली जाळ करून डिझेल काढतात. उरलेला काळा गाळ तिथेच पाण्यात ओततात. आम्ही एक जागा दुरुस्त केली की आठवड्यात पुढे दुसरी फोडलेली.

दुसरं, शेलचा हा धंदा भागीदारीत होता, त्यात नायजेरियाच्या सरकारी तेल कंपनीचा वाटा ५५ टक्के होता, शेलचा ३०. तेल निघतं त्या राज्यांना त्या उत्पन्नाचे किमान १३ टक्के द्यावेत असं तिथल्या घटनेत आहे. ते पैसे राज्यापर्यंत येतात, गावापर्यंत येत नाहीत. तुमच्या लिखाणात सरकारचं नावसुद्धा नाही. तेलाची मालकी नायजेरियन हातात जाणं यात मला तरी वाईट काही दिसत नाही.

खाडीकाठ
चोरी होते, मान्य. सरकारचाही दोष आहे, तो मी लिहायला हवा होता. पण बोडो गावाचं बघा. २००८ साली तिथे एकाच मोठ्या लाइनीवर दोन गळत्या झाल्या. त्या चोरीच्या नव्हत्या, पाइपच्याच होत्या. कंपनीने ते कबूल केलंय. पहिल्या गळतीत १,६४० पिंपं सांडली असं आधी सांगितलं, आणि गावकरी लंडनच्या कोर्टात गेल्यावर तो आकडा फार कमी होता हे मान्य करावं लागलं. २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. त्यातले साडेतीन कोटी १५,६०० लोकांत वाटले गेले, माणशी सुमारे २,२०० पौंड.

गळती झाली की कंपनी, सरकारी खातं आणि गावकरी मिळून पाहणी करतात. 'कारण' या रकान्यात घातपात लिहिलं गेलं तर कायद्याने भरपाई मिळत नाही. पाहणीला होडी कंपनीची, तंत्रज्ञ कंपनीचे, मोजमाप कंपनीचं. अशा पाहणीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

करंजेकर
मी कोळी. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, एमएससी चित्रा आणि खलिजिया. साधारण ८०० टन तेल सांडलं. तेल कंपनीचं नव्हतं, जहाजाचं इंधन होतं, पण आम्हाला काय फरक? जाळी काळी झाली. तिवरांच्या मुळांना हात लावला की काळा चिकटा. चिंबोरी मिळाली तरी बाजारात कोणी हात लावेना.

नायजेरियात कांदळाची झाडं आहेत म्हणे. त्यांची मुळं पाण्यावर कमानीसारखी उभी असतात. भरतीला त्यांच्यावर तेल बसलं की पुढची भरती ते धुऊन नेत नाही, आणखी वर चढवते. आमचं ८०० टनांत हे झालं. तिथे पन्नास वर्षं सांडतंय. भरपाईच्या पैशात होडी येईल, पण निवट्या (चिखलातले मासे) परत येईपर्यंत पोरं मासेमारी विसरलेली असतात.

नऊवारी
मी वकिली करते. वाळवंटी, चोरीचा मुद्दा न्यायालयात तपासला गेलाय. २०१४ मध्ये बोडोच्याच खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी म्हटलं, की पाइपच्या रक्षणासाठी वाजवी उपाय केले नाहीत तर कंपनी जबाबदार ठरू शकते. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या अपील न्यायालयाने ओरुमा आणि गोई या नायजेरियातल्या गावांतल्या गळत्यांसाठी शेलच्या नायजेरियन कंपनीला भरपाई द्यायला लावलं. ओरुमाच्या लाइनीवर गळती ओळखणारी यंत्रणा बसवायला भाग पाडण्याची जबाबदारी मुख्य कंपनीचीही होती, असं त्यात म्हटलं. दावा २००८ चा, आणि १.५ कोटी युरोंची तडजोड झाली डिसेंबर २०२२ मध्ये. दावा लावणाऱ्या शेतकऱ्यांपैकी काही जण तोवर वारले होते.

म्हणून मला भीती जुन्या दाव्यांची नाही, ते चालतील. पुढच्या गळतीची आहे. नव्या मालकाचं मुख्यालय शेलसारखं हेगला किंवा लंडनला नाही. तिथल्या शेतकऱ्याने मग कुठल्या कोर्टात जायचं?

वाळवंटी
हा मुद्दा बिनतोड आहे, माझ्याकडे उत्तर नाही. तरीही परदेशी कोर्टाच्या आशेवर देश चालत नाही, तिथलं सरकारी खातं मजबूत व्हायला हवं, हे माझं म्हणणं कायम.

यंत्रणेबद्दल सांगतो. आमच्या लाइनीतला दाब कमी झाला की कंट्रोल रूमला लगेच दिसायचं. पण पंप बंद करायला वरून होकार लागायचा, कारण बंद म्हणजे नुकसान.

खाडीकाठ
होकार यायला किती वेळ लागायचा?

वाळवंटी
कधी चार तास. एकदा दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत खालच्या गावातल्या बाया येऊन फाटकाशी बसून राहिल्या होत्या. बोडोला बंद करायला कित्येक आठवडे लागले.