शब्दचर्चा : 'वेध लागणे', 'क्लिमा' आणि बर्गंडीची शेतं

ठाण्याहून :
सप्टेंबरमध्ये आम्ही बहिणी आणि भावजया मिळून फ्रान्सच्या बर्गंडी भागात जातोय. मोठी शहरं नाहीत, नुसती खेडी, द्राक्षमळे, वाइनची तळघरं, चीज आणि आठवडी बाजार. सगळ्याजणींसाठी मराठीत टिपण लिहायला बसले आणि दोन ठिकाणी अडले. पहिलं, 'लुकिंग फॉरवर्ड टु'साठी काय लिहू? 'आम्ही उत्सुक आहोत' हे जाहिरातीतलं वाटतं. 'सहलीचे वेध लागलेत' लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, वेधात जेवत नाहीत, आणि तुम्ही तर जेवायलाच निघालात!" दुसरा अडला तो 'क्लिमा' हा शब्द. तिथल्या प्रत्येक माहितीपत्रकात आहे. हवामान म्हणावं तर वाक्य लागत नाही.

पुण्याहून :
ताई, 'वेध' निःशंक ठेवा. सासूबाईंचं म्हणणं मुळाला धरून आहे. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी लागतात, सूर्यग्रहणाचे चार, आणि त्या काळात जेवण वर्ज्य. पण वाक्प्रचारात उपास उरला नाही, उरली ती येणाऱ्या गोष्टीची आधीपासून जाणवणारी चाहूल. गणपतीचे वेध लागतात तेव्हा घरोघरी नारळ खवले जातच असतात.
दुसरं म्हणजे 'मला वेध लागले' यात कर्तेपण माझ्याकडे नाही. मी ठरवून काही करत नाही, ते मला लागतात. 'वाट पाहणे' यात माणूस थांबलेला असतो. 'डोळे लागणे' यात काळजी मिसळते, पावसाकडे लागतात तसे. 'ओढ' चालेल, पण ती आधी पाहिलेल्या, आपल्या वाटणाऱ्या ठिकाणाची जास्त. पहिल्यांदा जाताय, तर वेधच.

दीजोंहून :
मी इथे, बर्गंडीतल्याच या शहरात, बऱ्याच वर्षांपासून राहते, म्हणून 'क्लिमा'बद्दल सांगते. एरवीच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हवामानच, पण बर्गंडीत क्लिमा म्हणजे नाव असलेला, हद्द ठरलेला द्राक्षमळ्याचा तुकडा. दीजोंपासून दक्षिणेला बोन गावाच्या पलीकडे जाणाऱ्या टेकडीच्या उतारावर असे १,२४७ तुकडे आहेत, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रस्त्याच्या अलीकडचा तुकडा एका नावाचा, पलीकडचा दुसऱ्या, आणि दोन्हींच्या वाइनच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. द्राक्ष तेच, लाल वाइनला पिनो न्वार, पांढरीला शार्दोने. फरक मातीचा, उताराचा आणि उन्हाचा.
नावं फार गोड आहेत. 'क्लो दे मूश' म्हणजे मधमाश्यांची बाग. 'ले पेरियेर' म्हणजे दगडाच्या खाणी. या नावांचा मान इतका, की झव्रे गावाने १८४७ मध्ये आपल्या नावापुढे शांबर्तां या मळ्याचं नाव जोडून घेतलं. पुढे १८७९ मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या दोन शेजारी गावांनी एकाच मोंराशे मळ्याचं नाव लावलं.

कराडहून :
मग प्रतिशब्द आपल्या सातबाऱ्यावरच आहे! त्यात 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. आमच्याकडे माळ, पट्टी, चिंचेचं, विहिरीचं अशी नावं चालतात. टिपणात 'नावाचं शेत' असं लिहा. सगळ्याजणींना एका दमात कळेल.

नाशिकहून :
'नावाचं शेत' मलाही पटलं. भर घालतो. तिकडे तोडणीला 'वांदांज' म्हणतात. आपल्याकडे त्याला खुडणी म्हणा, तोडणी म्हणा. बोनच्या तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून जुळवलेली आहे. त्यावरून दिसतं की १९८८ पासून तोडणी पूर्वीपेक्षा सरासरी तेरा दिवस लवकर येते. म्हणून सांगतो, दुसऱ्या पंधरवड्यात जाल तर काही मळ्यांत घड उतरलेले असतील. जमलं तर महिन्याच्या सुरुवातीला जा.
आणि जाताय तेव्हा हेही बघा : तिकडे वेल थंडीत झोपतो, म्हणून छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. आपला वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. तुम्ही तिकडे तोडणी पाहत असाल, त्याच सुमारास आमच्या बागेत कात्री चालू झालेली असेल.

ठाण्याहून :
किती छान! वाइनसाठी 'द्राक्षासव' लिहू का?

पुण्याहून :
नको. ते आयुर्वेदातलं औषध आहे, लोक चमच्याने घेतील. 'द्राक्षारस' मराठी बायबलात वाइनसाठी आलाय, पण आज तो वाचून ताजा रस डोळ्यांपुढे येतो. 'वाइन'च लिहा, ती वाइन, स्त्रीलिंगी.

दीजोंहून :
चाखण्याला इथे 'देगुस्तास्यों' म्हणतात. घोट तोंडात फिरवून थुंकायचा असतो, त्यासाठी भांडं ठेवतात. त्याला बिनदिक्कत तस्त म्हणा. बायका लाजतात आणि सगळं गिळतात, मग चौथ्या तळघरात चव कळेनाशी होते. थुंकणं इथे उद्धटपणा नाही, हे टिपणात ठळक लिहा.
खाण्यात 'गुझेर' चुकवू नका, चीज घातलेले हलके फुगे. एप्वास हे चीज मुरताना द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेल्या मद्याने वरचेवर पुसतात. वास उग्र, पण आत लोण्यासारखं.

रत्नागिरीहून :
'क्लो'ला शब्द देतो. क्लो म्हणजे दगडी भिंतीने वेढलेला मळा ना? मग आमचा 'गडगा' आहेच. गडग्याची बाग.

दीजोंहून :
अगदी! 'क्लो द वूझो' पाहा. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातल्या भिक्षूंनी उभी केलेली बाग, साधारण पन्नास हेक्टरची. बाहेरचा गडगा एकच आहे, आत मालक मात्र ऐंशीच्या आसपास, आणि त्यांच्यामध्ये भिंत नाही. कोणाची ओळ कुठे संपते ते कामकऱ्यांनाच ठाऊक.

ठाण्याहून :
टिपण असं सुरू केलंय : 'नावाच्या शेतांचे आणि गडग्याच्या बागांचे वेध लागलेत. प्रत्येकीने आपल्याला कुठलं शेत बघायचंय ते रविवारपर्यंत कळवावं.' सासूबाईंनी मधमाश्यांची बाग सांगितलीय. त्याही येतायत.